करमाफी देऊन मागास भाग वर येतो का?

हिशेबनीस:
मागास भागातलं उत्पन्न वाढवायचं म्हटलं की स्थानिक कारभाऱ्यांना एकच उपाय सुचतो: करमाफी द्या, जमीन द्या, बडी कंपनी आणा. माझा याला सरळ विरोध आहे. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन बघा. २०१७ मध्ये फॉक्सकॉन ही इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणारी कंपनी तिथे १३,००० नोकऱ्या आणणार होती, राज्याने जवळपास ३ अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या. माउंट प्लेझंट गावाने रस्ते-पाण्यासाठी कर्ज काढलं, लोकांची राहती घरं घेऊन जागा मोकळी केली. २०२१ च्या सुधारित करारात नोकऱ्या उरल्या १,४५४! तोच पैसा तिथल्या पोरांना हुन्नर शिकवायला आणि कामावर नेणाऱ्या बसला लावला असता तर?

शंकासुर:
सोयीचं तेवढंच सांगितलंत. राज्याची सवलत नोकऱ्यांच्या आकड्याला बांधलेली होती, म्हणून तीही ८ कोटी डॉलरवर उतरली. जोखीम गावाच्या गळ्यात पडली, कारण त्याने खर्च आधी केला. म्हणजे खोट करारात होती. शिवाय त्याच परिसरात आता मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर होतंय, ते लिहिलं नाहीत.

हिशेबनीस:
डेटा सेंटर बांधायला माणसं लागतात, चालवायला मूठभर पुरतात.

माळरान:
शिक्षणाचं म्हणाल तर, शिकलेली पोरं गावात थांबतात कुठे? खर्च गरीब पालिकेचा, पगार श्रीमंत शहरात. उलट अमेरिकेतल्याच टेनेसी खोऱ्यात १९३३ पासून धरणं, वीज, रस्ते झाले. क्लाइन आणि मोरेट्टी या अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये हिशेब मांडला: सरकारी पैसा आटल्यावर शेतीतल्या वाढीव नोकऱ्या ओसरल्या, कारखान्यांतल्या मात्र वाढतच राहिल्या.

हिशेबनीस:
पैसा वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा होता, गावपातळीवरच्या करमाफीचा नव्हे. आणि पोरं गेली तर जाऊ देत की! दरी माणसांच्या मिळकतीतली मोजायची की नकाशावरची? चेट्टी आणि हेन्ड्रन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या लाखो कुटुंबांच्या नोंदी तपासल्या. मूल चांगल्या वस्तीत जितकी जास्त वर्षं वाढतं, तितकी मोठेपणी त्याची कमाई जास्त. म्हणजे शाळा, वस्ती, शेजार सुधारणं हेही उत्पन्नाचंच धोरण झालं.

कोपऱ्यातला:
तुम्ही सगळेच एक गोष्ट सोडून देताय. शाळा स्थानिक मालमत्ता करावर चालत असेल तर जिथे घरं महाग तिथेच शाळा चांगली. गरीब पालिकेने दर वाढवला तरी हातात काय येणार? कॅनडाने गरीब प्रांतांनाही इतरांच्या बरोबरीने सेवा देता याव्यात म्हणून निधी देण्याचं तत्त्व १९८२ मध्ये राज्यघटनेतच घातलं. तसा आधार नसेल तर 'स्थानिक धोरण' हा शब्द ऐकायला छान, एवढंच.

हिशेबनीस:
निधी हवा, मान्य. पण करमाफी द्यायचीच तर भरती झाल्यावर, किमान पगार करारात लिहून, आणि शब्द मोडला तर वसुली.

शंकासुर:
अशा अटी घालाल तर कंपनी शेजारच्या जिल्ह्यात जाईल. २०१७ मध्ये अॅमेझॉनच्या दुसऱ्या मुख्यालयासाठी २३८ ठिकाणांनी बोली लावली होती.

कोपऱ्यातला:
आणि निवडली कुठली? न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनचा परिसर, आधीच गब्बर असलेले! म्हणून लिलावाला लगाम वरूनच हवा. युरोपीय संघात कंपन्यांना वाट्टेल तशी सरकारी मदत देता येत नाही. दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असलेल्या भागांना जास्त मोकळीक आहे. श्रीमंत शहराला बोलीत उतरताच आलं नाही, तर गरीब जिल्ह्याला अटी घालायची हिंमत होईल.