हुंडी शब्दावर चालायची म्हणे, मग आज्याच्या अंगठ्याचं काय?

धुळेकर: सकाळी एका भाऊंची पोस्ट वाचली, की नोटा नि बँका हे इंग्रजांनी लादलेलं खूळ, त्याआधी पेढीवर नुसत्या शब्दावर व्यवहार व्हायचे. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. हुंडी, म्हणजे अमक्याला एवढी रक्कम द्या अशी पेढीवरची चिठ्ठी, होती; दाखवताच वटणारी दर्शनी, ठरल्या मुदतीनं वटणारी मुदती, पतदार माणसालाच वटणारी शहाजोग, सगळं कबूल. पण ती व्यापाऱ्या-व्यापाऱ्यात फिरायची. कापूस पिकवणाऱ्याला मिळायचा सवाईनं, म्हणजे सव्वापट फेडायच्या बोलीवर, दाणा आणि कागदावर अंगठा. आमच्या घरी आज्याचा असा कागद आहे, अंगठा काळ्या शाईचा आणि रकमेतलं एक शून्य निळ्या. १८७५ ला पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं उगाच जाळली का?

पाचोरेकर: जाळली भो, पण बँकवाले कुठं धुतल्या तांदळाचे होते? अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडकला, इकडं भाव आभाळाला, मुंबईत शेअरचा सट्टा, १८६५ ला युद्ध संपलं नि सगळं कोसळलं, त्यात बँक ऑफ बॉम्बे बुडाली. सरकारचं भांडवल असलेली बँक! आणि नोट १८६१ च्या कायद्यानं सरकारची झाली तरी एका सर्कलची, म्हणजे नोटांसाठी आखलेल्या विभागाची, दुसऱ्या सर्कलमध्ये हक्कानं वटत नव्हती. पाचाच्या नोटेची ही अडचण जायला १९०३ उजाडलं, तेही बर्मा सोडून. हुंडी मात्र लांबलांबच्या पेढ्यांवर वटायची.

चोपड्याची लेक: तुम्ही दीडशे वर्षांमागचं काढताय, आमचे पैसे आज अडकलेत. आईनं केळीचे पैसे गावच्या पतसंस्थेत ठेवले. ठेवपावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून गव्हाच्या कोठीत जपली. संस्थेला कुलूप लागलं तेव्हा कळलं, बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नाही. पावती फाडताना कोणी सांगितलं होतं?

जळगावकर: जास्तीच्या व्याजाचा लोभ नडतोच ताई.

चोपड्याची लेक: तोंड सांभाळून बोला. बँक तालुक्याला, एका खात्यासाठी आईला तीन खेपा घालायला लावल्या, फोटो आणा, ओळखीचा माणूस आणा, साहेब जेवायला गेलेत. पिग्मीवाला रोज दारात यायचा, आईला काकू म्हणायचा. याला लोभ म्हणता?

जळगावकर: बरं, लोभ शब्द मागं घेतो. पण पावती नीट वाचायला हवी होती, एवढं तर खरं ना?

चोपड्याची लेक: आईला वाचता येत नाही.

धुळेकर: ताई, मी हेच सांगतोय. आज्याचा सावकारही ओळखीतलाच होता, घरी चहाला यायचा. ओळखीला जाब विचारता येत नाही, कायद्याच्या कागदाला येतो. सर्कलचं मला माहीत नव्हतं पाचोरेकर, ते मान्य.

पाचोरेकर: कायदाही ठेच लागल्यावरच येतो. १९६० ला केरळात पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा कुठं १९६२ ला ठेवींचा विमा सुरू झाला. बाकी तुमच्या त्या शून्याबद्दल... आमच्या पणज्याची पेढी होती. वह्या माळ्यावर आहेत. दोन शायांची पानं मी पण पाहिलीत. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, खाली काढतो, कागद घेऊन या.