विषय: ऑक्टोबरात लांगे – ला मोरा की आल्बा? सोमवारपर्यंत कळवायचंय

प्रेषक: मंजिरी
गुरुवार, रात्री

मंडळी,
झुरिकहून इटलीत लांगेला, म्हणजे द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांत, जायचंय, पण घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ला मोरा या टेकडीवरच्या गावाखालच्या घराला सोमवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगायचंय, त्यानंतर भरलेले पैसे परत मिळत नाहीत. चार खोल्या, मोठं स्वयंपाकघर, अंगणातून थेट बारोलो वाइनचे मळे. दुसरा पर्याय खाली आल्बा शहरात, जुन्या गावात. एकाच जिन्यावर दोन फ्लॅट, लिफ्ट आहे. भाडं जवळपास सारखं. आम्ही आठ मोठे, तीन मुलं आणि आई. त्यांच्या गुडघ्याचं तुम्हाला माहीतच आहे. गुरुवार दुपार ते रविवार सकाळ, गाड्या दोन.

अडलंय एकाच गोष्टीवर. ला मोराच्या त्या घरापासून गाव तीन किलोमीटर वर, रस्त्याला फुटपाथ नाही, दिवे नाहीत. म्हणजे रोज संध्याकाळी जेवायला गाड्या काढायच्या आणि चालवणाऱ्या दोघांनी एक ग्लासही घ्यायचा नाही. निखिल म्हणतो, मी चालवीन. पण तिन्ही दिवस त्यानेच का? ज्यांनी तिकडे राहून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

मंजिरी


प्रेषक: श्रीरंगकाका
शुक्रवार, सकाळी

मंजिरी,
आल्बा घे. मी पूर्वी इथे लिहिलं होतं, पण नव्या लोकांसाठी पुन्हा लिहितो.

आम्ही तिकडच्याच मोनफोर्ते गावाच्या पलीकडे एका शेतघरात उतरलो होतो. फोटोत जे दिसलं ते सगळं खरं होतं. पण पहिल्याच संध्याकाळी जेवून निघालो तेव्हा धुकं उतरलेलं. गाडीच्या दिव्यात पुढचे दहा पावलं एवढाच रस्ता, एका बाजूला मळ्याचा उतार, डांबरावर ओली पानं. सात किलोमीटरला चाळीस मिनिटं लागली. मी एक थेंबही घेतला नव्हता, तरी घरी पोचल्यावर हात सुटेनात स्टिअरिंगवरून. दुसऱ्या दिवसापासून हिने सांगून टाकलं, संध्याकाळी बाहेर पडायचं नाही. मग त्या एवढ्या नावाजलेल्या मुलखात आम्ही दोन रात्री ब्रेड आणि चीज खाऊन काढल्या.

इटलीत चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, आपल्या स्वित्झर्लंडइतकीच. लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. दोन्ही गाड्या कोण चालवणार ते त्याप्रमाणे बघ. बारोलोत अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास असतं. वाइनच्या तळघरात पाच प्रकार चाखायला देतात, हे 'थोडंसं' नसतं.

आल्बा सपाट आहे, तानारो नदीकाठी. मुख्य रस्त्यावर गाड्या नाहीत, आईंना हळूहळू चालता येईल, वाटेत बसायला बाक आहेत. संध्याकाळी गाडी जागची हलवायची नाही. मुक्काम असा हवा.

एकच खबरदारी. जुन्या गावात शिरताना ‘झेड टी एल’ची, म्हणजे परवानगीशिवाय गाड्यांना बंदी असलेल्या भागाची, पाटी बघ, तिथे कॅमेरे असतात. मला एका दुसऱ्या गावात चुकून दोन मिनिटं आत गेल्याचा दंड सात महिन्यांनी घरपोच आला. फ्लॅटवाल्याला आधीच विचार, गाडी बाहेर कुठे लावायची.

श्रीरंग


प्रेषक: नीलिमा
शुक्रवार, दुपारी

काका, मग गाडी न्यायचीच कशाला? झुरिकहून मिलानला थेट रेल्वे आहे, तिथून तोरिनो (ट्युरिन), आणि तोरिनोहून ब्रामार्गे आल्बाला थेट लोकल. आल्प्समधल्या गोटहार्डच्या १७ किलोमीटरच्या बोगद्यापुढे शाळेच्या सुट्टीत किती तास उभं राहावं लागतं ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. मुलं रेल्वेत खेळतात, गाडीत रडतात.

नीलिमा


प्रेषक: श्रीरंगकाका
शुक्रवार, दुपारी

नीलिमा,
आल्बापर्यंत ठीक. पुढे काय? बारोलो गावाला स्टेशन नाही, ला मोराला नाही, सेरालुंगाला नाही. बस आहेत, पण मोजक्या, आणि रविवारचा भरवसा नाही. शिवाय गुडघा दुखणाऱ्या माणसाला घेऊन दोनदा गाडी बदलायची.


प्रेषक: अभय (कार्यवाह)
शुक्रवार, संध्याकाळी

सर्वांना नमस्कार.
सहलीबद्दल काही म्हणणं नाही. पण त्याच शनिवारी आपल्या मंडळाची कोजागिरी आहे. जूनच्या सभेत तारीख ठरली तेव्हा मंजिरीताई हजर होत्या. हॉलचे पैसे भरून झालेत. चार कुटुंबं एकदम नसली की दूध आटवायला, खुर्च्या लावायला हात कमी पडतात. मंडळाचं वीस लिटरचं पातेलं आणि मोठा झारा गणपतीपासून ताईंकडेच आहे, ते त्या आठवड्यात लागेल.

अभय


प्रेषक: प्रशांत
शुक्रवार, रात्री

अभय, आम्ही तिघं आहोत की, पातेलं मी आणतो. त्यावरून वाद नको.

ताई, काकांचं पटतं, पण एक बाजू राहून जातेय म्हणून लिहितो. मी निफाडचा. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाची गोडी छाटणी, फळासाठीची. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी, म्हणजे वर्षात दोनदा वेलीला कात्री. लांगेत त्याच ऑक्टोबरात नेब्बिओलो तोडायला येते. जिची बारोलो होते ती, सगळ्यात शेवटी पिकणारी द्राक्षाची जात ही. आपल्याकडे ज्या आठवड्यात वेल उघडी करतात, त्याच आठवड्यात तिकडे घड भरून उतरतात, आणि तिकडची छाटणी हिवाळ्यात एकदाच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उतारावर उभं राहून वडिलांना फोन लावला होता. त्यांनी एवढंच विचारलं, 'पाणी देतात का?' म्हटलं, नाही, पावसावरच. त्यांना खरं वाटेना.

उतारांनाही नावं आहेत. सूर्याकडे तोंड असलेल्या उताराला तिथले लोक 'सोरी' म्हणतात, टेकडीच्या डोक्याला 'ब्रिक्को'. बर्फ जिथे आधी वितळतं तिथे नेब्बिओलो, खाली सावलीला दुसऱ्या जाती. ही गोष्ट गाडीच्या काचेतून कळत नाही, पहाटे बाहेर यावं लागतं. ला मोराच्या चौकातून सकाळी खाली बघा. धुकं दरीत भरलेलं असतं आणि फक्त टेकड्यांवरचे किल्ले वर निघालेले दिसतात. नेब्बिओलो हे नावही धुक्यावरून, 'नेब्बिया'वरून आलं असं तिथले लोक सांगतात.

म्हणून माझं म्हणणं, किमान एक रात्र वर काढा.

प्रशांत


प्रेषक: सुनंदामावशी
शनिवार, सकाळी

मंजिरी, मुक्कामाचं तुम्ही ठरवा. मी खाण्याचं लिहिते, कारण तुमच्यातली निम्मी माणसं शाकाहारी आहेत आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाहीये.

'तायारिन' म्हणजे बारीक शेवयांसारखा पास्ता, त्यात भरपूर पिवळा बलक. अंडं चालत असेल तर लोण्यावरचे तायारिन घ्या, त्यावर पांढरी ट्रफल, म्हणजे जमिनीखाली उगवणारी सुवासिक अळंबी, किसून देतात. ट्रफल आधी वजन करतात, किसून झाल्यावर पुन्हा वजन करतात, आणि जेवढे ग्रॅम किसले तेवढे पैसे. भाव आधी विचारा, संकोच करू नका. 'प्लिन' नावाच्या इवल्या घड्या मात्र बहुतेक मांसाच्या असतात. 'बान्या काउदा' भाज्यांबरोबर देतात म्हणून शाकाहारी वाटते, पण त्यात अँचोवी मासे असतात. आमच्या गटातल्या एका बाईंनी अर्धी वाटी खाल्ल्यावर हे कळलं. त्या रात्रभर झोपल्या नाहीत, आणि मला आजही वाईट वाटतं की मी आधी विचारलं नाही. रिसोत्तो भाताचाच, पण तो बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. 'ब्रोदो वेजेताले?' म्हणजे 'भाज्यांचं पाणी आहे का?' एवढं विचारायचं. पानाकोत्ता या सायीच्या गोडात जिलेटिन असतं. कास्तेलमान्यो चीजसाठी दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं. आई कडक पाळतात, त्यांना आधी सांगा.

म्हणून स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, मग कुठेही घ्या. शनिवारी आल्बात मोठा बाजार भरतो. भोपळी मिरच्या, हेझलनट, ताज्या भाज्या सगळं मिळतं. तांदूळ नेऊ नका. मिलानहून जाताना हमरस्त्याला लागून वेर्चेल्लीकडची भातखाचरं दिसतात. तिथला तांदूळ आपल्या गुरगुट्या भाताला उत्तम. कुकर मात्र न्या.

मावशी


प्रेषक: नीलिमा
शनिवार, दुपारी

मावशी, आल्बात ऑक्टोबरपासून शनिवार-रविवारी ट्रफलची जत्रा असते, तेव्हा बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सकाळी लवकर गेलं पाहिजे. आणि प्रशांत, एक रात्र वर नि दोन खाली म्हणजे तीन दिवसांत दोनदा सामान बांधायचं. एवढ्या छोट्या मुक्कामात अर्धा दिवस त्यातच जातो. आम्ही इटलीतल्याच कियांतीत हेच केलं होतं, आठवण राहिली ती बॅगांची.


प्रेषक: प्रशांत
शनिवार, दुपारी

ते बरोबर आहे. मग पहाटे निघून वर जा. आल्बा ते ला मोरा सुमारे पंधरा किलोमीटर. सकाळी कोणीच प्यायलेलं नसतं.


प्रेषक: श्रीरंगकाका
शनिवार, रात्री

प्रशांतने हे छान सांगितलं. सकाळी गाडी, संध्याकाळी पायी, ही विभागणी धरा म्हणजे बाकीचं आपोआप बसतं.

आणखी एक. लहान तळघरांना आधी ईमेल करून वेळ घ्यावी लागते, दार ठोठावून चालत नाही. तोडणीच्या दिवसांत ते लोक चोवीस तास कामात असतात, त्यामुळे आत्ताच लिहा, आणि रविवार टाळा. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. तिथे ते वापरणं असभ्य नाही, जाणकार लोकही तेच करतात. पण चालवणाऱ्याने त्यावर विसंबू नये असं माझं मत आहे.

वेळ न मिळाल्यास ग्रिंझाने कावूरच्या किल्ल्यात जा. आल्बाहून जवळ आहे, तिथे सगळ्या परिसराच्या बाटल्या एका ठिकाणी आहेत. इटलीच्या एकीकरणातले नेते कावूर तरुणपणी त्या गावाचे महापौर होते, मुलांना इतिहासात येईल ते. आणि ला मोराच्या खाली मळ्यात एक छोटं चॅपल आहे, १९९९ मध्ये सोल ल्यूइट आणि डेव्हिड ट्रेमलेट या दोघा कलाकारांनी ते लाल-निळं-पिवळं रंगवलं. माझ्या नातीला अख्ख्या सहलीतलं तेवढंच आठवतं.


प्रेषक: मंजिरी
रविवार, रात्री

मंडळी,
ठरलं. आल्बा. ला मोराच्या घराला आत्ताच नाही कळवलं.

आज आईंना दोन्ही घरांचे फोटो दाखवले. त्यांनी मळ्यांचा फोटो बराच वेळ हातात धरला आणि मग विचारलं, 'इथून मला एकटीला कुठे जाता येईल?' खालच्या घरातून कुठेच नाही. आल्बात खाली उतरलं की चौक, चर्च, बेकरी. तेवढ्यावर निर्णय झाला.

शुक्रवारी सकाळी दोन्ही गाड्या ला मोराला, धुकं बघायला, तिथून चॅपल, आणि दुपारपर्यंत परत. तळघरासाठी शनिवारी चालकासह आठ जणांची व्हॅन विचारलीय. दिवसाचे पैसे चार घरांत वाटले तर निखिलने तिन्ही दिवस कोरडं राहण्यापेक्षा परवडतं. मुलं आणि आई त्या वेळी बाजारात, नीलिमाने सांगितल्याप्रमाणे सकाळी लवकर. त्यांच्याबरोबर मी थांबणार आहे. गाडी गावाबाहेर लावायची, फ्लॅटवाल्याने जागा सांगितली. आल्बाजवळचं बार्बारेस्को हे वाइनचं गाव यावेळी सोडलं.

मावशी, कुकर घेतेय. त्या बाईंची गोष्ट आईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, मावशीला सांग, दोष तिचा नाही.

अभय, तारीख माझ्या डोक्यातून निसटली हे खरं, चूक माझी. पातेलं आणि झारा बुधवारी रात्री तुझ्याकडे पोचवते. केशर-वेलचीची पूड करून डब्यात देते, मसाला माझ्याकडूनच.

मंजिरी


प्रेषक: अभय (कार्यवाह)
रविवार, रात्री

ताई, चालेल. झाऱ्याबरोबर मोठी गाळणीही तुमच्याकडेच आहे.