टॉल्किनच्या मिडल-अर्थचा मराठी कोश करतेय : नावं कशी लिहायची, कशी लावायची?

नौपाड्याची मावशी
नमस्कार मंडळी. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधन केलं, आता घरी असते. भाची ऐरोलीला राहते, आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचायला घेतलं. तेव्हापासून रविवारी तलावपाळीवर भेटलो की पहिला प्रश्न, "मावशी, हा कोण होता गं?" तिच्यासाठी म्हणून कार्डं लिहायला घेतली, ती चपलांच्या दोन खोक्यांत मिळून सहाशे चाळीस झाली. इंग्रजीत रॉबर्ट फॉस्टर यांचा कोश आहे, १९७१ चा, आणि टॉल्किनचंच 'सिल्मरिलियन' हे पुस्तक आल्यावर वाढवलेला १९७८ चा. पण तिला मराठीत हवाय. मलाही हवाय, आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं तपासली.

तीन ठिकाणी अडलेय. एक, ॲरॅगॉर्न. ब्रीच्या सराईत तो स्ट्रायडर, एलरॉन्डच्या घरी एस्टेल, गोंडोरच्या चाकरीत थोरोंगिल, राज्याभिषेकानंतर एलेस्सार. सगळी माहिती कुठल्या कार्डावर लिहू? भाचीने स्ट्रायडरचं कार्ड काढलं आणि तिला शेवटच कळला तर मी तिचं वाचन नासवलं. दोन, माझ्याच हातचं सेलेबॉर्न एका खोक्यात आणि केलेबॉर्न दुसऱ्यात निघालं. तीन, तिने शाळेत शिकलेल्या पायथनमध्ये यादी लावली तर ॲरॅगॉर्न 'ह'च्याही खाली गेला.

घणसोलीकर
मावशी, दुसरा आणि तिसरा प्रश्न एकदमच सुटतील. शेवटच्या भागातलं परिशिष्ट 'ई' काढा. लेखकाने उच्चार स्वतः सांगितलेत. 'सी' नेहमी 'क', म्हणून केलेबॉर्न आणि किरिथ उंगॉल. 'डीएच' पाहून 'ध' लिहू नका, तो 'द'च्या जवळचा आहे, काराद्रास. 'ए' हा फादरमधला. म्हणजे ॲ नाहीच, आरागॉर्न लिहा. साधा प्रोग्रॅम अक्षरांच्या युनिकोड क्रमांकावर यादी लावतो आणि ॲ चा क्रमांक 'ह'च्या पुढचा आहे, म्हणून तो तळाला गेला. ऑ ला ही अडचण नाही, तो ऐ आणि ओ यांच्या मधेच बसतो.

आणि कथेतला खलनायक सौरॉन! 'एयू' म्हणजे लाऊडमधला 'आउ', असं त्यांनी लिहिलंय. इंग्रजी वाचणारे सर्रास 'सॉरॉन' म्हणतात. आपल्याकडे त्याच्या जवळचा औ तयार आहे, औषधातला. मला तर वाटतं ही नावं रोमनपेक्षा देवनागरीत जास्त नीट लिहिता येतात.

कळव्याचा वाचक
काकू, कार्डाच्या दोन बाजू वापरा. पुढच्या बाजूला फक्त पहिल्या भेटीपर्यंतची माहिती. स्ट्रायडर : ब्रीच्या सराईत कोपऱ्यात बसलेला भटक्या, खंड १, प्रकरण ९. बस. खरं नाव पुढच्याच प्रकरणात गँडाल्फच्या पत्रातून कळतं, ते मागच्या बाजूला. पूर्ण चरित्र एकट्या आरागॉर्नच्या कार्डावर, बाकी चार कार्डांवर नुसतं 'आरागॉर्न पाहा', तेही मागेच.

संदर्भाला पान क्रमांक अजिबात देऊ नका. तुमची प्रत वेगळी, भाचीची वेगळी. कथेचे मुळात सहा खंड आहेत, १९५४-५५ मध्ये तीन पुस्तकांत छापलेले, आणि एकूण ६२ प्रकरणं. खंड आणि प्रकरण दिलं की कुठल्याही प्रतीत सापडतं.

एक राहिलं. तारखा घेताय ना? परिशिष्ट 'बी'मध्ये ३० फेब्रुवारी आहे, त्या दिवशी एंटांची, म्हणजे झाडांसारख्या दिसणाऱ्या राखणदारांची, सभा सुरू होते. ती छापील चूक नाही. शायर या कथेतल्या बुटक्या हॉबिटांच्या प्रदेशात बाराही महिने तीस-तीस दिवसांचे, आणि उरलेले पाच दिवस कुठल्याच महिन्यात धरत नाहीत, दोन वर्षाच्या सांध्यावरचे, यूलचे, आणि तीन वर्षाच्या मध्यावरचे, लिथचे.

वाशीची अनुवादक
नावांच्या भाषांतराबद्दल. डच आणि स्वीडिश अनुवादांत नावांची झालेली ओढाताण टॉल्किनना अजिबात रुचली नव्हती, म्हणून त्यांनी अनुवादकांसाठी नावांची टिपणं तयार केली. सूत्र सोपं आहे : जे नाव इंग्रजी आहे त्याचा अर्थ आपापल्या भाषेत आणा, एल्फांच्या भाषेतलं असेल तर हात लावू नका. एकाच एंटाची ही दोन नावं घ्या : ट्रीबीअर्डला मराठी नाव देता येईल, एल्फांच्या भाषेतलं फांगॉर्न मात्र फांगॉर्नच. आणि कार्डं सुटीच ठेवा, वहीत उतरवू नका. ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी वडिलांचे कच्चे खर्डे १९८३ ते १९९६ या काळात बारा खंडांत छापले. तुम्ही त्यांत शिरलात की मधे घालायची कार्डं निघतच राहतील.

नौपाड्याची मावशी
सगळ्यांचे मनापासून आभार. ३० फेब्रुवारी वाचून खुर्चीतून उठले. ते कार्ड मी स्वतः लाल शाईने २८ केलं होतं, जुनी सवय. आत्ता शोधून पुन्हा ३० केलं आणि शेजारी 'मूळ बरोबर' असं लिहिलं.

केलेबॉर्नची दोन्ही कार्डं एक केली. ॲरॅगॉर्नची पाचही रविवारी भाचीबरोबर बसून नव्याने लिहीन, पुढची बाजू ती लिहील, कारण कुठवर कळलंय हे तिलाच ठाऊक. ती सध्या मोरियाच्या दाराशी आहे. गँडाल्फचं कार्ड मी खोक्यातून काढून माझ्या कपाटात ठेवलंय.