मदत हवी आहे: संपाला पाठिंबा द्यायचाय, पण आमचीच कामं अडलीत (तातडीचं)

खाडीकाठ | 16 मार्च 2023, रात्री 9:40
उद्या सकाळी तहसीलवर जायचंय. सरकारी कर्मचाऱ्यांच्या जुन्या पेन्शनच्या संपाला आमच्या वाडीकडून पाठिंब्याचं पत्र द्यायचं ठरलंय. निराधार योजनेतल्या बाया आणि बिनकामाची पोरं, अशी मिळून जाणार. काल पालखी सहाणेवर (गावातल्या चौथऱ्यावर) असताना ठरलं आणि तिथेच फुटलं. अर्धे म्हणतात, पेन्शन त्यांना, ऊन आपल्याला. मला एवढंच सांगा: पत्रात काय लिहायचं, गेलो म्हणून अनुदान बंद करतात का, पोलिसांना कळवावं लागतं का. भाषण नको, मजकूर द्या.

सुरंगी | 9:52
कुठला तालुका? निराधार म्हणजे संजय गांधी की श्रावणबाळ? अनुदान चालू आहे की अर्ज पडून आहेत? पोरांनी रोजगार हमीत काम मागितलंय का? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

बाव्याचो झील | 9:58
खंयचो पाठिंबो? माझो उत्पन्नाचो दाखलो मंगळवारपासून अडकलो हा. तलाठी सजाक कुलूप. माझ्या आवशीक म्हयन्याक हजार रुपये, त्येतूय दरवर्षी जित्ती आसंय म्हणान सांगूक जावचा लागता. आमी ह्येंच्यासाठी कित्याक उभे रवाचे?

निवृत्त कारकून | 10:06
77-78 चा संप 54 दिवस चालला. र. ग. कर्णिक नेते होते. मी नवा लागलेलो. पगार बंद, वाण्याने उधारी दिली आणि गावाहून तांदूळ आला म्हणून घर चाललं. तेव्हा कोणी विचारलं नाही की कारकुनाला तांदूळ कशाला. आताची मुलं 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागली म्हणून त्यांना जुनी पेन्शन नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. पाठिंबा द्याच.

बाव्याचो झील | 10:09
आबानु, तुमका पेन्शन गावता. बोलूक काय जाता.

लालबागचा चाकरमानी | 10:15
82 च्या गिरणी संपात आमचे वडील गावी परत आले. अडीच लाख कामगार बाहेर, त्यातले निम्मेअधिक कोकणातले नि घाटावरचे. संपाचे नेते दत्ता सामंतांच्या सभा मुंबईत व्हायच्या, पण पोरांची पोटं गावच्या भाताने भरली. संपकऱ्याला गाव पोसतो हे आपल्याकडे नवीन नाही.

निवृत्त कारकून | 10:19
तो खाजगी मालकांविरुद्ध होता. हा सरकारविरुद्ध आहे. फरक आहे.

लालबागचा चाकरमानी | 10:21
भात तेच होतं आबा.

अलिबागवाला | 10:30
आमच्या अलिबागकडच्या चरीच्या शेतकऱ्यांचा संप कोणी कसा काढला नाही? 1933 ते 39, खोतांविरुद्ध, नारायण नागू पाटलांनी चालवलेला. शेतं पडीक ठेवली, जळणाची लाकडं विकून दिवस काढले. सहा दिवस कुलूप दिसलं तर एवढा आरडाओरडा?

सुरंगी | 10:33
आज तिसराच दिवस आहे. धागाकर्ते कुठे गेले?

खाडीकाठ | 10:41
जेवत होतो. तालुका कशाला, जिल्हा रत्नागिरी एवढं पुरे, इथे सगळे ओळखतात. बाया दोन्ही योजनांतल्या, अनुदान चालू आहे, हयातीचे दाखले मार्चअखेर द्यायचे राहिलेत. पोरांनी नमुना 4 (कामाच्या मागणीचा अर्ज) भरून दिलाय, संपाच्या आदल्या दिवशी. ग्रामसेवकाने घेतला, पोच नंतर देतो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो संपाच्या मंडपात.

सुरंगी | 10:58
मग मुख्य गोष्ट पोचेची. काम मागितल्यापासून 15 दिवसांत मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता लागू होतो: पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, पुढे किमान निम्मा. सध्याची मजुरी 256, म्हणजे पाव 64 रुपये. पण तारखेची पोच नसेल तर तुमचे 15 दिवस सुरू झाले हे दाखवणार कशाने?
हयातीचा दाखला बँक मॅनेजर किंवा पोस्टमास्तरसमोर हजर राहूनही होतो. बँका चालू आहेत, बायांना तिकडे न्या.
मजकूर घ्या:
"आम्ही निराधार योजनांचे लाभार्थी व रोजगार हमीत काम मागणारे मजूर. जुन्या पेन्शनच्या मागणीस आमचा पाठिंबा आहे. म्हातारपणी ठरलेली रक्कम हाती येण्याची किंमत आम्ही महिना 1000 रुपयांत जाणतो. आपल्या संघटनेनेही लेखी मागणी करावी: अर्थसंकल्पात जाहीर झालेले 1500 वेळेवर मिळावेत, 21,000 ची वार्षिक उत्पन्नमर्यादा वाढवावी, कामाच्या अर्जाची पोच त्याच दिवशी मिळावी."
खाली त्यांच्या तालुकाध्यक्षाची सही मागा. सही दिली तर पाठिंबा दोन्हीकडून. नाही दिली तर वाडीत जाऊन सांगा, अर्धे म्हणत होते ते खरं.

निवृत्त कारकून | 11:04
अशा अटी घालून पाठिंबा देतात का? मन मोठं करावं.

बाव्याचो झील | 11:06
मोठ्या मनाचो दाखलो सेतूत गावता काय?

वकीलसाहेब नाही | 11:12
जपून. मेस्मात (अत्यावश्यक सेवांतल्या संपाविरुद्धचा कायदा) संप करणाऱ्याबरोबर चिथावणी देणारा आणि पैसे पुरवणाराही येतो. पत्र देणं म्हणजे चिथावणी नव्हे, पण मंडपात वर्गणीची पेटी फिरवू नका. पत्र दिलं म्हणून अनुदान तोडता येत नाही, ते पात्रतेवर असतं. चारपाच जण गेलात तर कोणी विचारत नाही. मिरवणुकीने जाणार असाल तर ठाण्यात लेखी कळवा.

काजूबागायतदार | 11:20
पोरांना काम हवं असेल तर काजू वेचायला माणसं मिळत नाहीत. रोज देतो, जेवण देतो.

खाडीकाठ | 11:24
किती रोज?

काजूबागायतदार | 11:31
फोनवर बोलू.

खाडीकाठ | 17 मार्च, दुपारी 3:15
गेलो होतो. टाळ्या वाजवल्या, बायांना खुर्च्या दिल्या, माईकवर वाडीचं नाव घेतलं. पत्रावर सही मागितली तर म्हणाले जिल्ह्याला विचारून सांगतो. एका नर्सबाईने मात्र तिथेच स्वतःची सही केली, मग दोन शिक्षकांनी. म्हाताऱ्या बँकेत जाऊन आल्या, दाखले झाले.

निवृत्त कारकून | 3:22
बघा, माणुसकी असते.

सुरंगी | 3:24
पोच?

निवृत्त कारकून | 20 मार्च, सायंकाळी 7:10
संप मिटला! समिती तीन महिन्यांत अहवाल देणार. अभिनंदन सर्वांचं.

बाव्याचो झील | 7:18
समिती. बरा.

खाडीकाठ | 21 मार्च, दुपारी 1:05
पोरं ग्रामपंचायतीत जाऊन आली. पोच मिळाली.

सुरंगी | 1:09
तारीख 13 ची आहे की आजची?

खाडीकाठ | 1:30
सही-शिक्का आहे. तारखेची जागा कोरी. गुढीपाडवा झाल्यावर या म्हणाला.

बाव्याचो झील | 1:33
मंडपातलोच मा ह्यो?

खाडीकाठ | 1:40
तोच. ओळखलं त्याने, चहा पण मागवला.