मदत हवी आहे: सड्यावरच्या वणव्याच्या प्रयोगाला सरकारी निधी

राजापूरजवळच्या आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दर फेब्रुवारी-मार्चात वणवा येतो. यंदा मोहोरलेले काजू उभेच्या उभे करपले, साली तडकल्या, बघवत नाही. जाळरेषा (आग अडवायला आधीच मोकळा केलेला पट्टा) किती रुंद काढली, गवत कधी कापलं तर आग खरंच थांबते, हे दोन हंगाम मोजून बघायचंय. कृषी महाविद्यालयातले एक सर मार्गदर्शन करतील.

केंद्राच्या वणवा प्रतिबंध योजनेची चौकशी केली. तो पैसा वनखात्यामार्फत वनजमिनीसाठीच, असं उत्तर मिळालं. आमची जमीन खासगी, सातबारा सामाईक, आमचा शेतकरी गट अजून नोंदणीकृत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाचे उपग्रह-इशारे मोबाईलवर येतात, पण त्यातला एक ठिपका ३७५ मीटरचा, त्यावरून जाळरेषेचा हिशेब लागत नाही.

अशा प्रयोगासाठी शेतकरी गटाला थेट अर्ज करता येतो, की प्रस्ताव महाविद्यालयाच्याच नावाने द्यावा लागतो? आणि नेमका कुठे?