मदत हवी आहे: तैलरंगातल्या कॉपीत माणूस निसर्गात बसत नाहीये

नमस्कार मंडळी,

तैलरंग शिकायचे म्हणून फ्रेंच चित्रकार इपोलित फ्लांद्रँच्या समुद्रकाठी बसलेल्या नग्न तरुणाची (१८३६, पॅरिसचं लूव्र संग्रहालय) कॉपी करायला घेतली आहे. निवडायचं कारण साधं: एकच आकृती, तीही बाजूने, डोकं गुडघ्यांत घातलेलं, म्हणजे चेहऱ्यावरच्या भावांची कटकट नाही. मूळ चित्र साधारण ९८ × १२४ सेंमी आहे, मी चौकटी आखून निम्म्या मापात उतरवलंय. (लूव्रमध्ये बसून कॉपी करणाऱ्यांनाही मूळ मापाची प्रत करू देत नाहीत, तेव्हा लहान मापाची लाज नाही!)

आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी रंग) हात दिला आणि फडक्याने पुसून उजेड काढले. मग रॉ अंबर (जरा थंड तपकिरी) आणि पांढऱ्यात अंगाचे सगळे टोन, म्हणजे उजळ-गडदाच्या पायऱ्या, बसवले, ते वाळल्यावर कातडीचा रंग. इथवर ठीक होतं. नंतर मागचं आभाळ आणि समुद्र भरला, आणि तरुण कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसायला लागला. पाठीची कड कोरड्या ब्रशने सैल, म्हणजे धूसर, करू गेलं की करडी घाण रेघ उमटते. गंमत म्हणजे मूळ चित्रातही बाह्यरेषा स्वच्छच आहे, तरी तो तिथे बसलेला वाटतो. मग फरक कुठे पडतो?

दुसरं, मांडीखालची सावली मळकट होते. त्यात बर्न्ट अंबर, थोडा आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम व्हाइट आहे. लेड व्हाइटच (शिशापासूनचा पांढरा) हवा असं वाचलं, पण घरात शिसं नको वाटतं.

शिवाय अंबरचे भाग वाळून निस्तेज पडलेत, टोनच कळेनात. वरून तेल चोळलं तर चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

माणूस एकदा आणि आभाळ नंतर, गोम तिथेच आहे. कडेच्या अलीकडे-पलीकडे बोटभर पट्टा घ्या आणि त्यातली कातडी व आभाळ एकाच बैठकीत, ओल्यावर ओलं रंगवा. वाळलेल्या रंगावर कड सैल होत नाही, नुसती फासली जाते. त्याआधी डोळे किलकिले करून मूळ चित्र बघा. जिथे अंगाचा टोन मागच्या टोनच्या जवळ जातो तिथे कड आपसूक हरवते, जिथे फरक मोठा तिथे धार दिसते. तुम्ही सगळीकडे एकच धार ठेवली असणार. हे काम ब्रशचं कमी, टोनचं जास्त. आभाळासाठी कालवलेला करडा निळा किंचित अंगाच्या अर्धछायेतही (उजेड आणि सावलीच्या मधल्या भागात) जाऊ द्या.

सावलीतून पांढरा आणि काळा दोन्ही काढा. टायटॅनियम फार झाकणारा आणि थंड, सावलीत गेला की खडू फासल्यासारखं होतं. अंबरमध्ये जरासा तांबूस रंग घालून पातळच ठेवा, जाड थर उजेडासाठी राखा. लेड व्हाइटवाचून काही अडत नाही.

तेलाचं म्हणाल तर जरूर चोळा, पण तो भाग पूर्ण वाळलेला हवा. जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये, अगदी नावाला, आणि जादाचं लगेच पुसून घ्यायचं. पुढचा थर खालच्यापेक्षा तेलकट असू दे, नाहीतर वरचा आधी वाळून तडकेल. आणि हो, ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, तेव्हा तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा.

धागाकर्ता

आभारी आहे! पाठीपासून सुरुवात करतो. तो ज्या कापडावर बसलाय तिथेही हेच करायचं का?

प्रतिसाद

तिथे आधी अंग कापडाला टेकतं ती फट बघा. सगळ्यात गडद टोन तिथेच असतो. तो बसला की वजन येतं, मग बाकीची कड सैल सोडा.