ओएसपीएफ : शेजारी राऊटर एक्सस्टार्टच्या पुढे जात नाही

प्रश्न
तीन राऊटरांवर ओएसपीएफ (राऊटरांनी एकमेकांना मार्गांची माहिती देण्याची पद्धत) आवृत्ती २ चे कॉन्फिगरेशन केले असून सर्व इंटरफेस एरिया ० (मुख्य विभाग) मध्ये आहेत. पहिला आणि दुसरा राऊटर काही सेकंदांत फुल अवस्थेला (माहितीची देवाणघेवाण पूर्ण) पोहोचतात. दुसरा आणि तिसरा मात्र एका बाजूला एक्सस्टार्ट, तर दुसऱ्या बाजूला एक्सचेंज (दोन्ही फुलच्या आधीच्या अवस्था) दाखवतात, थोड्या वेळाने डाऊन होतात आणि पुन्हा तोच क्रम सुरू होतो. दोन्हीकडे मास्क /३०, हॅलो (शेजाऱ्याला नियमित संदेश) १० सेकंद आणि डेड (शेजारी बंद मानण्याची मुदत) ४० सेकंद आहे, राऊटर आयडी वेगवेगळे आहेत आणि पिंगही दोन्ही दिशांनी व्यवस्थित जाते. अशा वेळी आणखी काय तपासावे?

उत्तर १
एक्सस्टार्टपर्यंत मजल गेली याचा अर्थ हॅलोमधील एरिया, मास्क आणि टायमर जुळले आहेत. हॅलो पॅकेटमध्ये एमटीयूचा (इंटरफेसवरून जाणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार) उल्लेख नसतो. तो पुढच्या टप्प्यातील डेटाबेस डिस्क्रिप्शन (आपल्याकडील माहितीची यादी) पॅकेटमध्ये येतो. आपला इंटरफेस स्वीकारू शकेल त्यापेक्षा मोठा एमटीयू त्यात दिसल्यास राऊटरने ते पॅकेट नाकारावे, असा आरएफसी २३२८ (ओएसपीएफचे मानक) चा नियम आहे. दोन्ही बाजूंचा एमटीयू पाहा. फरक असल्यास इंटरफेसवर ‘आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर’ ही आज्ञा दिली की संबंध जुळेल.

उत्तर २
निदान योग्य आहे, पण एमटीयू-इग्नोर हा उपाय मी सुचवणार नाही, कारण त्या आज्ञेने फक्त तपासणी बंद होते आणि लिंकवरचा फरक तसाच राहतो. आज नेटवर्क लहान असल्याने डेटाबेसची सर्व माहिती १५०० बाइटांत मावेल आणि अवस्था फुल दिसेल. पुढे मार्ग वाढले की मोठ्या एमटीयूचा राऊटर लिंक स्टेट अपडेट (लिंकांची ताजी माहिती) मोठ्या पॅकेटांतून पाठवू लागेल, समोरचा इंटरफेस ती टाकून देईल, पोच न मिळाल्याने तीच पॅकेटे पुन्हा पुन्हा पाठवली जातील आणि बिघाड अशा दिवशी समोर येईल, ज्या दिवशी कोणी त्या लिंकला हातही लावलेला नसेल.

वापरकर्त्यांच्या वाहतुकीचे नुकसान तर लगेच सुरू होते. मोठ्या एमटीयूच्या राऊटरला पुढची अडचण ठाऊक नसल्याने तो पॅकेटचे तुकडे करत नाही, आणि समोरचा इंटरफेस ती फ्रेम आयपी स्तरापर्यंत पोहोचण्याआधीच टाकून देत असल्याने ‘पॅकेट फार मोठे आहे’ असा आयसीएमपी संदेशही परत जात नाही. पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. लहान विनंत्या चालतात आणि मोठ्या फाइल अडकतात.

आपली पिंग यशस्वी झाली याचेही कारण हेच आहे, कारण सिस्को आयओएसमध्ये (सिस्को राऊटरांची कार्यप्रणाली) पिंगचे पॅकेट मुळात १०० बाइटांचे असते. ‘साइझ’ आणि ‘डीएफ-बिट’ (पॅकेटचे तुकडे करू नका) हे पर्याय देऊन, जो एमटीयू लावलेला आहे त्याच आकाराची पिंग दोन्ही बाजूंनी करून पाहा.

प्रश्नकर्ता
आपले दोघांचेही आभार. तिसऱ्या राऊटरच्या इंटरफेसवर ९००० आणि दुसऱ्यावर १५०० एमटीयू होता. तिसऱ्यावरून डीएफ-बिटसह १५०० बाइटांच्या पिंगला उत्तर आले, ९००० च्या पिंगला आले नाही. मधल्या स्विचवर जंबो फ्रेम (१५०० बाइटांहून मोठ्या फ्रेम) सुरू नसल्याने दोन्हीकडे १५०० ठेवला आणि संबंध लगेच फुल झाला.

याच संदर्भात आणखी एक शंका आहे. पहिल्या आणि दुसऱ्या राऊटरमध्ये १ गिगाबिट आणि १० गिगाबिट अशा दोन लिंक असूनही वाहतूक दोन्हींवर सारखी का वाटली जाते?

उत्तर २
ओएसपीएफ कमी खर्चाचा (कॉस्ट) मार्ग निवडते. आयओएसमध्ये हा खर्च काढण्यासाठी संदर्भ बँडविड्थ मुळात १०० मेगाबिट धरलेली असते. तिला इंटरफेसच्या वेगाने भागून खर्च येतो आणि तो १ पेक्षा कमी होऊ शकत नाही. म्हणून १०० मेगाबिट, १ गिगाबिट आणि १० गिगाबिट या तिन्हींचा खर्च १ च येतो. ओएसपीएफच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ १०००००’ दिल्यास १ गिगाबिटचा खर्च १०० आणि १० गिगाबिटचा १० होईल. हा आकडा तिन्ही राऊटरांवर एकाच बैठकीत बदलावा, कारण काहींवर जुना आणि काहींवर नवा राहिल्यास संथ लिंकच जवळची ठरू शकते. जेथे ‘आयपी ओएसपीएफ कॉस्ट’ हाताने लिहिलेला आहे, तेथे या आज्ञेचा परिणाम होणार नाही. तेही इंटरफेस आधी शोधून ठेवा.